अर्धं औषध

शारजात दारू चालत नाही,
म्हणून फंगबाई मुळ्या व्हिनेगरमध्ये मुरवते.
बरणीला फडकं, फडक्याला सुतळी,
सुतळीत खोचलेली चिठ्ठी: कुठल्या चंद्राला मुरत घातलं.
फोशानला तांदळाची दारू, इथे हे.
अर्धं औषध, म्हणते.
बाकीचं अर्धं कुठे मिळतं, विचारायचं राहून गेलं.
खांदा ठणकत होता.

शुक्रवारची मॅच. टायरच्या गोदामामागची वाळू,
चुन्याऐवजी सिमेंटची मध्यरेषा.
आम्ही दापोली-खेडवाले, समोर कराडची पोरं.
तिसऱ्या चढाईला चौघांनी साखळी करून उचललं
आणि आपटलं.
कंपनीच्या दवाखान्यात फोटो काढला: हाड शाबूत.
गोळ्या, बर्फ, तीन दिवस बिनपगारी.
सलाउद्दीन परकार मला इथे घेऊन आला,
लाँड्रीमागचा जिना, दुसरा मजला, पाटी नाही.

बर्फाचं ऐकून ती कपाळाला हात लावते.
पुतण्याचा मोबाइल तिचं चिनी हिंदीत करतो,
बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात:
"ठंड को घर में बंद मत कीजिए.
आपका ख़ून रास्ता भूल गया है."
मी हसतो. हसताना दुखतं.

बरणीतलं एकेक ती बोटाने दाखवते.
करडईची फुलं, ही ओळखली.
कसलंसं मूळ, माणसाच्या तंगडीसारखं, ते नाही.
सलालाहचा लोबान,
रोलाच्या बाजारात ओमानी म्हाताऱ्याकडून तोलून आणलेला.
आणि हिराबोळ.
हिराबोळ!
धाकटीच्या वेळी आईच्या उशाशी पुडीत होता तो,
चाटून बघितला म्हणून मला धपाटा बसला होता.
इथूनच कुठूनसा गलबतात चढला असेल,
दाभोळच्या खाडीला पाणी भरून
चीनला गेला असेल,
आणि आता बाईच्या मागोमाग परत.

मग काचेचे पेले. आत बोळा फिरवला पेटता, की पाठीवर.
आमच्याकडे वैदू शिंगाची तुंबडी लावायचे, ऐकून आहे.
मी पाहिली ती फक्त एजंटची,
माझ्या पाऊण लाखाने भरलेली.
ही वीस दिरहम घेते
आणि वर चहा देते.

ती दाबत जाते. मानेखाली, फऱ्यावर, दंडात.
एका जागी थांबते.
मोबाइल म्हणतो, "यह कल का नहीं है."
नाहीच. ते पहिल्या वर्षीचं.
परांचीवरून पाइप सटकला होता.
व्हिसा नवा होता, कुणाला बोललो नाही.
मोबाइललाही बोलत नाही.
ती पुन्हा बरणीत बोटं बुडवते
आणि त्या जागेपाशी जरा जास्तच वेळ राहते.

"सांस छोड़ो."
हिंदीचे बारा शब्द तिला येतात, त्यातले हे दोन.
पण सोडायचा कसा?
चौथीपासून शिकलो ते एकच, दम धरायचा.
तिने मनगट धरून ओढलं
तसं तोंडातून आपोआप सुरू झालं,
कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी
आणि मधल्याच एका कबड्डीला
आत काहीतरी कट् झालं.

ती खुर्चीत बसली, घाम पुसला.
तेव्हा दिसलं, तिचा डावा अंगठा दुमडत नाही.
वडिलांचा आखाडा, लाकडी खांब, वय बारा.
वडील तर हाडं बसवायचे ना? मी विचारलं.
मोबाइल बराच वेळ गप्प.
मग: "पिताजी ने कहा, मुट्ठी ऐसे भी बनती है."

पंधरा दिवसांनी बाटली भरून घ्यायला गेलो.
हात कानापर्यंत जातो, त्याच्या वर नाही.
पडद्याआड कुणी फिलिपिनो बॉक्सर कण्हत होता
आणि फंगबाई दरडावत होती:
"सांस नहीं छोड़ो. बोलो.
खबाडी, खबाडी."

रात्री खोलीत, आठही खाटांवर, आंबूस वास.
लोणचं कुणी उघडलं रे, सलाउद्दीन अंधारात विचारतो.
मी कुशीवर वळतो.
उजव्या. दुखतं, पण वळता येतं.